मल्लम्माबाई गाफील होत्या काय?

फासा पडला याबद्दल वाद नव्हता. तो मल्लम्माबाईंच्या हातातून सुटला, फळीवर एकदा आपटला, तिथून उडाला आणि शेजारच्या ज्वारीच्या राशीत जाऊन बसला. फासा पिवळसर, ज्वारीही पिवळसर. राशीच्या उतारावरून थोडे दाणे घरंगळत खाली आले, थांबले, आणि मग काहीच हललं नाही.

"किती पडले?" दिनकररावांनी विचारलं.

"पाच," मल्लम्माबाई म्हणाल्या.

"दोन," कल्याणराव म्हणाले. "फळीवर आपटला तवा दोन व्हते."

"आपटला तवाचं काय धरायलास? राशीत जाताना पाच व्हते."

चौथा माणूस सिद्धलिंग. त्याने काहीच पाहिलं नव्हतं, कारण तो त्या वेळी वहीत बघत होता. वहीप्रमाणे मल्लम्माबाई या क्षणी समुद्रापासून अर्ध्या कोसावर, कड्यावरच्या एका अरुंद वाटेवर, हातात भाला घेतलेल्या राखणदाराच्या समोर उभ्या होत्या.

प्रत्यक्षात त्या मानवतच्या धान्याच्या मोंढ्यात, धाकट्या भावाच्या, कल्याणरावांच्या, आडत दुकानात, तुरीच्या पोत्यावर बसल्या होत्या. रविवारी मोंढा बंद, हमाल घरी, काटा झाकलेला. पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं होती, त्यांतून उन्हाचे बारीक दोरे खाली उतरत आणि त्या उन्हात धान्याची धूळ इतकी सावकाश फिरत असे, की बघणाऱ्याला आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटावं. गेले अकरा रविवार हे चौघे तिथे बसून प्रवास करत होते.

प्रवास सिद्धलिंगने आणला होता. तो परभणीला बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायचा. ओल्या कागदावर शंभर-शंभर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या ते मोजायचं, हे त्याचं काम. शिकायला अमेरिकेत गेलेल्या एका दोस्ताने त्याला पातळसं पुस्तक आणि एक फासा पाठवला. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने सूत्रधार व्हायचं आणि समोर काय दिसतंय ते सांगायचं, बाकीच्यांनी आपण काय करतो ते सांगायचं, आणि पुढे काय होईल हे जिथे कुणालाच ठाऊक नाही तिथे फासा टाकायचा. शंभरातल्या कोणत्या बिया उगवणार नाहीत हे आधी सांगता येत नाही, पण किती उगवणार नाहीत हे साधारण सांगता येतं. फाशातही तेच आहे हे ध्यानात आल्यावर सिद्धलिंगने डिक्शनरी शेजारी घेऊन सगळे नियम दोनशे पानी वहीत मराठीत उतरवले. मग खेळायला माणसं शोधली. त्याच्या वयाच्या कुणाला रविवारी दुपारी वेळ नव्हता. वेळ होता तो काकाला, आत्याला आणि दिनकररावांना.

काका म्हणजे कल्याणराव. ते खेळातही व्यापारीच झाले आणि एक घोडा, एक खेचर घेऊन निघाले. दिनकरराव निजामाच्या राज्यात पटवारी म्हणून चिकटले होते आणि महाराष्ट्रात तलाठी म्हणून निवृत्त झाले होते. खेळात ते दिवाण झाले. हत्यार निवडा म्हटल्यावर त्यांनी शिक्का निवडला. आत्या म्हणजे मल्लम्माबाई. त्यांना नवीन नाव घ्यायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी मल्लम्माच. दुसरं नाव घेतलं अन् कुणी हाक मारली तर माझ्या ध्यानात यायचं न्हाई."

पहिल्याच रविवारी सिद्धलिंगने कुठे जायचं ते विचारलं होतं. दिनकरराव हैदराबाद म्हणाले. कल्याणराव म्हणाले, जिकडं माल स्वस्त तिकडं. मल्लम्माबाई म्हणाल्या, समुद्राला. त्या नऊ वर्षांच्या असताना घरचे सगळे गोकर्णाला गेले आणि नेमका त्यांना गोवर निघाला, म्हणून त्यांना शेजाऱ्यांकडे ठेवलं. परत आल्यावर प्रत्येकाने समुद्र सांगितला. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सांगितलं, ओरडतो. आईने सांगितलं, त्याला पलीकडचा काठ नसतो. सहा वर्षांच्या कल्याणने सांगितलं, लय पाणी. हे तिन्ही एका जागी कसं बसवायचं, याचा विचार मल्लम्माबाई पन्नास वर्षं करत होत्या. परभणीच्या पलीकडे त्यांचं जाणं झालं नव्हतं. तेव्हा समुद्रच ठरला.

आणि आता अडथळा होता वहीच्या चौदाव्या पानाचा. तिथे लिहिलं होतं: "अचानक कुणी समोर आल्यास फासा टाकावा. एक किंवा दोन पडल्यास तो पक्ष गाफील समजावा. गाफील पक्षाने एक पाळी काहीही करू नये." कड्यावरची वाट इतकी अरुंद होती, की राखणदाराला दरीत ढकलल्याशिवाय पुढे जाणं शक्य नव्हतं. मल्लम्माबाई सावध असल्या तर त्या आधी ढकलतील आणि संध्याकाळच्या आत समुद्र बघतील. गाफील असल्या तर भाला आधी लागेल. भाल्याचा एक घाव तीन जीव घेत असे आणि मल्लम्माबाईंकडे दोनच उरले होते. मेलेल्याने पुन्हा पहिल्या पावलापासून, म्हणजे मानवतहून निघायचं, असा पुस्तकाचा दंडक होता. त्यात सिद्धलिंगची बदली झाली होती. बुधवारी त्याला पुण्याला हजर व्हायचं होतं. पुन्हा निघायला रविवारच शिल्लक नव्हता.

"परत टाकू," सिद्धलिंग म्हणाला. "फासा फळीवर थांबला नाही म्हणजे टाकलाच नाही, असं धरू."

कल्याणराव याच वाक्याची वाट बघत होते. "अन् माझा घोडा?"

घोड्याचं प्रकरण सातव्या रविवारचं. त्या दिवशी कल्याणरावांचा फासा फळीवरून पडून पोत्याखाली गेला होता. सिद्धलिंगने वाकून बघितलं तर एक होता. कल्याणराव गाफील ठरले आणि चोरांनी घोडा मालासकट नेला. खाली पडलेला फासा धरू नका, असं कल्याणरावांनी परोपरीने सांगितलं होतं. पण दिनकररावांनी तेव्हाच निवाडा लिहून ठेवला होता: फळीबाहेर पडलेला फासा ग्राह्य.

"माझ्या घोड्याला एक कायदा अन् आक्काला दुसरा, आसं कसं?"

"त्यो घोडा व्हता. मी माणूस हाय."

"घोडा तुझ्यापेक्षा लवकर चालत व्हता."

मल्लम्माबाईंनी पदर सावरला आणि त्या दिनकररावांकडे बघू लागल्या. कल्याणरावही बघू लागले. दिनकररावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा लावला. निवृत्त झाल्यापासून असे क्षण त्यांच्या वाट्याला फारसे येत नव्हते.

"फासा पडलेला हाय," ते म्हणाले. "आकडा ठरलेला हाय. म्हंजे निकाल लागला, फक्त नक्कल आपल्या हातात आली न्हाई. नक्कल मिळाली न्हाई म्हणून कुणी फेरनिकाल मागत नसतं. राशीला हात लावू नका."

सिद्धलिंगला हे मनापासून पटलं, हीच अडचण झाली. फासा आत कुठेतरी एका बाजूवर स्थिर होता. तो आकडा खरा होता. पण बघायला गेलं तर दाणे हलणार, दाणे हलले की फासा हलणार आणि मग दिसेल तो आकडा पडलेला नसून पाडलेला असणार. त्याने राशीची उंची आणि घेर टेपने घेतला, शंकूचं सूत्र लावलं, आणि मागे एकदा हजार दाण्यांचं वजन केलेलं आठवून हिशोब मांडला. साडेसात क्विंटल. सुमारे अडीच कोटी दाणे. त्यात फासा एक.

पोत्यातला नमुना काढायची लोखंडी नळी कल्याणराव घेऊन आले. राशीत खुपसायची, फाशाला लागली की कळेलच, असं त्यांचं म्हणणं. दिनकररावांनी विचारलं की नळी लागून फासा उलटला, तर तो कुणी टाकला असं लिहायचं. कल्याणरावांनी नळी परत कोपऱ्यात उभी केली. मग दिनकररावांनी दुकानामागच्या घरातून चुलीतली राख मागवली आणि राशीभोवती बोटभर रुंद रेघ ओढली. रेघेच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. त्यानंतर त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि पंचनामा लिहायला घेतला. मल्लम्माबाईंचा जबाब, कल्याणरावांचा जबाब, रास आढळली त्या स्थितीचं वर्णन.

चिमण्या जबाब देण्यातल्या नव्हत्या. अर्ध्या तासात चार चिमण्या पत्र्याखालून आत आल्या आणि थेट राशीवर उतरल्या. हाकलायला धावलं तर जमीन हादरणार. ओरडलं तर चिमण्या भर्रकन उडणार आणि त्यांच्या पायांनी दाणे सरकणार. शेवटी चौघेजण रेघेबाहेर चार दिशांना बसले आणि हात जोडल्यासारखे तळवे एकमेकांवर हळू घासू लागले. तेवढ्या आवाजाने चिमण्या बेताबेताने निघून जातात असं मल्लम्माबाईंचं म्हणणं होतं, आणि ते खरं निघालं.

नेमकं त्याच वेळी काकड्या विकणारी पंचफुला डोक्यावर पाटी घेऊन दारावरून चालली होती. तिने आत पाहिलं. ज्वारीची रास, भोवती राखेचं रिंगण, आणि चार भली माणसं हात जोडून गप्प बसलेली. तिने पाटी उतरवली, उंबऱ्याच्या आत दोन काकड्या ठेवल्या, नमस्कार केला आणि काही न विचारता निघून गेली. मागोमाग शेजारच्या गल्लीतल्या दोघी आल्या. त्यांनी हळदीकुंकू आणलं होतं. आत पाय टाकायची मनाई आहे हे कळल्यावर त्यांचा विश्वास आणखीच बसला. खरं काय ते सांगायला सिद्धलिंग उठला होता, पण कुठून सुरुवात करावी हे त्याला ठरवता आलं नाही.

तीनच्या सुमाराला राशीचा मालक आला. सटवाजी झरीचा. ज्वारीला ओल लागली म्हणून त्याने ती आठवडाभर कल्याणरावांकडे पसरून, वाळल्यावर रास करून ठेवली होती, आणि आज तो पोती भरून न्यायला आला होता. खांद्यावर रिकाम्या बारदान्याची गुंडाळी होती. दारात हळदीकुंकू आणि काकड्या बघून त्याने आधी पायताण काढलं. मग ती आपलीच ज्वारी आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

"कल्याणशेट, माझ्या जवारीला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. बस."

"रास सध्या निकालाखाली हाय," दिनकरराव म्हणाले. "हात लावता यायचा न्हाई."

सटवाजी बसला. सिद्धलिंगने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. मानवतहून निघाले इथपासून, घोडा, कडा, वाट, राखणदार, फासा. दहा-बारा मिनिटं लागली. सटवाजी हसेल असं सिद्धलिंगला वाटलं होतं. सटवाजी हसला नाही. त्याने बारदाना मांडीखाली घेतला आणि विचारायला लागला. राखणदार किती दिवसांपासून तिथं आहे? त्याला भाकर कोण नेऊन देतं? एकटाच आहे का? सिद्धलिंगच्या वहीत यातलं काही नव्हतं.

"अन् येळ कंची?"

"दुपार. ऊन कलायच्या आधीची."

"मग त्यो तरी जागा हाय का न्हाई?" सटवाजी म्हणाला. "त्याचा फासा कुणी टाकला?"

सिद्धलिंगने वही बाजूला ठेवली आणि पिशवीतून मूळ पुस्तक काढलं. ते पान त्याने दोनदा वाचलं, मग डिक्शनरीत एक शब्द बघितला, जो त्याला आधीपासून येत होता. पुस्तकात दोन्ही पक्षांसाठी फासा टाकायला सांगितलं होतं. त्याने फक्त प्रवाशांचा टाकला होता. अकरा रविवार चोर, रानकुत्री, नाकेदार, एक अस्वल, यांतलं कुणीही एकदाही गाफील सापडलं नव्हतं. कसं सापडणार?

"म्हंजे माझे चोर गाफील असू शकत व्हते," कल्याणराव सावकाश म्हणाले.

"शक्यता तीनात एक," सिद्धलिंग खाली मान घालून म्हणाला.

"माझा घोडा."

"अपिलाची मुदत तीस दिवस," दिनकरराव म्हणाले. "दोन दिवस शिल्लक हायेत. अर्ज द्या, बघू. आधी हातातलं प्रकरण." आणि त्यांनी सिद्धलिंगला राखणदाराचा फासा टाकायला सांगितलं.

तो टाकायला फासा नव्हता. फासा राशीत होता. कल्याणरावांनी चिठ्ठ्या सुचवल्या, पण पुस्तकात फासा म्हटलं होतं आणि दिनकरराव पुस्तकाबाहेर जायला तयार नव्हते. राशीतून फासा काढावा तर मल्लम्माबाईंचा आकडा मोडणार, न काढावा तर राखणदाराला आकडा नाही. पत्र्यातून येणारे उन्हाचे दोरे हळूहळू तिरपे झाले आणि राशीच्या एका अंगावर ठिपके पडले. सगळे त्या ठिपक्यांकडे बघत बसले.

"फाशाचं काय काम हाय?" सटवाजी म्हणाला. "मी सांगतो की. तीस वर्सं रानात माळ्यावर राखण करायलोय."

"सांगा," दिनकररावांनी कागद सरळ केला.

"दुपारच्या पारी राखणदार उभा ऱ्हातो. डोळे उघडे ऱ्हातात. गोफण हातात ऱ्हाती. फक्त त्यो सोता तिथं नसतो. पाखरं कणसावर बसत्यात, दाणे टिपत्यात, समदं दिसतं. पर ती जवारी आपली हाय आसं वाटत न्हाई. पाखरं बी आपली वाटत न्हाईत. कुणी नावानं हाक मारली तर हे कुणाचं नाव म्हणून इचार करावा लागतो. लय बरं वाटतं त्या टायमाला."

दिनकररावांनी टाक उचलला. त्यांनी लिहिलं: सदर कामातील जाणकाराच्या जबाबावरून राखणदार गाफील असल्याचे सिद्ध.

"झालं तर," कल्याणराव म्हणाले. घोड्याचा अर्ज मंजूर होण्याची चिन्हं दिसू लागल्यापासून त्यांचा बहिणीला असलेला विरोध मावळला होता. "त्यो गाफील हाय. आक्का, ढकल त्याला अन् चल."

मल्लम्माबाई सटवाजीकडे बघत होत्या. सटवाजी मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून बसला होता, आणि त्याच्या एका अंगाला दरी होती.

"ह्ये पडतील की," त्या म्हणाल्या.

"मी न्हवं बाई. त्यो."

"मगाधरनं मला तुमीच दिसायलाव." त्या दिनकररावांकडे वळल्या. "लिहा. मी बी गाफील. दोन पडले व्हते."

"पाच म्हणाला व्हता तुमी. जबाब हाय तुमचा."

"पाच पडावेत आसं वाटलं म्हणून म्हणाले. मला कुठं दिसलं काय?"

"आक्का, मरशील," कल्याणराव म्हणाले. पण सिद्धलिंगने हात वर केला. दोघंही गाफील असतील तर दोघांनीही एक पाळी काही करायचं नाही, असा नियमाचा अर्थ होत होता. भाला उगारायचा नाही, ढकलायचं नाही. नुसतं उभं राहायचं. पाळी दहा मिनिटांची.

तेव्हा ते उभे राहिले. मल्लम्माबाई पोत्यावर बसल्या होत्या आणि सटवाजी बारदान्यावर, तरी ते कड्यावर उभे होते याबद्दल कुणालाच शंका नव्हती. दिनकररावांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. चिमण्या परत आल्या. त्यांना आता कुणी हाकललं नाही.

तीन मिनिटं गेल्यावर मल्लम्माबाईंनी विचारलं, "कुठले तुमी?"

कल्याणरावांनी हरकत घेतली. गाफील माणसाने काही करायचं नाही. सिद्धलिंगने पुस्तक चाळलं. हालचालीला मनाई होती, बोलण्याबद्दल काहीच म्हटलं नव्हतं.

"हितलाच," सटवाजी म्हणाला. तो आता राखणदाराच्या जागेवरून बोलत होता, आणि त्याचा आवाज जरा लांबून आल्यासारखा झाला होता. "वरल्या वस्तीवर असतो."

"घरचे?"

"हायेत. वाट बघायले आसतील."

"कशाची राखण करायलाव हितं?"

सटवाजीने विचार केला. "समुद्राची, आसं दिसतंय."

"समुद्र कोण न्हेतंय वो उचलून?"

"मला बी त्येच समजंना बगा. कणसं आसती तर गोष्ट येगळी. आता उभं केलंय म्हणून उभा हाय." तो सिद्धलिंगकडे बघून म्हणाला, "ज्यानं उभं केलं त्याला इचारा."

सगळेच सिद्धलिंगकडे बघू लागले. सिद्धलिंग वहीची पानं मागे उलटत गेला. नवव्या रविवारीच ते समुद्रापाशी पोचत होते. तेव्हा त्याने वाटेत नदीला पूर आणला. दहाव्या रविवारी नाका आणला, तिथे नाकेदाराने प्रत्येकाचे कागद मागितले आणि दिनकररावांची ती दुपार फार आनंदात गेली. अकराव्याला कडा. आणि कड्यावरून समुद्र दिसायला लागेल असं वाटल्यावर हा राखणदार.

"आत्या, मी समुद्र बघितलेला नाही," तो म्हणाला. "वाचलंय. हजार भाग पाण्यात पस्तीस भाग क्षार असतात. दिवसातून दोनदा पाणी चढतं. हे सगळं लिहून ठेवलंय मी. पण तू पन्नास वर्षं थांबलीयेस. तू पोचलीस आणि मी चुकीचा सांगितला, तर मग तो तसाच राहील ना तुझ्या डोक्यात?"

मल्लम्माबाई त्याच्यावर रागावल्या नाहीत. "त्यात काय एवढं? ह्यो बघून आलाय की," त्या भावाकडे बोट दाखवून म्हणाल्या. "ह्यो सांगंल."

कल्याणरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ती बराच वेळ सारखी केली.

"आक्का, मी झोपलो व्हतो," ते म्हणाले. "आन्नांनी खांद्यावर घेतलं व्हतं. जाग आली तवा गाडीत व्हतो. घरी आल्यावर समदे तुला सांगायले व्हते, म्हणून मी बी सांगितलं."

दिनकररावांनी घड्याळ पाहिलं. पाळी संपून चार मिनिटं होऊन गेली होती आणि भाला कुणी उचललेला नव्हता.

मल्लम्माबाई उठल्या. "जरा सरकता का?" त्यांनी सटवाजीला विचारलं. सटवाजीने गुडघे आखडून घेतले आणि पाठ भिंतीला टेकवली. तेवढ्या जागेतून त्या अंग चोरून, हाताने हवेतला कडा धरत, दरीकडे न बघता पलीकडे गेल्या. राशीला वळसा घालून दुकानाच्या पार मागच्या भिंतीपाशी पोचल्या. तिथे उजेड कमी होता. त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सिद्धलिंग गप्प राहिला. सूत्रधाराने अशा वेळी गप्प राहावं असं पुस्तकात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आलाय," मल्लम्माबाई म्हणाल्या.

कल्याणरावांनीच हळू आवाजात विचारलं, कसा आहे म्हणून.

"उभ्या जवारीत वारं शिरतं बघ, तसा. ह्या टोकाला वाकतो अन् त्या टोकाला उठतो. फक्त कापायला कुणी येत न्हाई." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "वारं लय हाय पर."

सटवाजीने मान हलवली, जणू त्यालाही तिथून तसंच दिसत होतं. दिनकररावांनी पंचनाम्याचा कागद दुमडून पिशवीत ठेवला आणि एक कोरा काढला. नवीन जागा सापडली की तिची नोंद व्हायला हवी, आणि नोंद म्हटली की चतुःसीमा आल्या. त्यांनी वर 'समुद्र' असं लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली.

"पूर्वेस?"

"मानवत," कल्याणराव म्हणाले.

"दक्षिणेस?"

"पाणी," मल्लम्माबाईंनी तिकडे वळून बघितलं आणि सांगितलं.

"उत्तरेस?"

"पाणीच."

दिनकररावांनी दोन्ही लिहिलं आणि टाक शाईत बुडवला. "पश्चिमेस?"

सिद्धलिंगला नकाशा पाठ होता. त्याने तोंड उघडलं.

"ती जागा मोकळी ठेवा," मल्लम्माबाई मागे न बघता म्हणाल्या. "तिकडचं अजून बघून व्हायचंय."